फोनवर सांगतो तेच वेबसाइटवर लिहू

वाळवणं संपली, डबे भरले, आता विकायची लगबग. आपल्यातल्या बऱ्याच गटांची आता वेबसाइट आहे. कुणाला मुलाने करून दिली, कुणी पैसे मोजून करून घेतली. आज बोलायचंय ते तिच्यावर काय लिहायचं याबद्दल.

मी मध्यंतरी आपल्या भागातल्या गटांच्या वेबसाइट बसून वाचल्या. जिथे तिथे एकच वाक्य. "आम्ही उत्कृष्ट दर्जाची, घरगुती चवीची शुद्ध उत्पादने माफक दरात पुरवतो." गटाचं नाव झाकलं, तर ही साइट कुणाची ते त्या गटातल्या बाईलासुद्धा सांगता येणार नाही! वाक्य खोटं नाही. पण पुण्यातली एखादी बाई कुरडई घ्यायला तिथे आली, तर तिला त्यातून काय कळलं?

ती काय विचारते ते आपल्याला पाठ आहे, कारण ती फोन करून विचारतेच. अर्ध्या किलोत किती बसतात? पार्सलमध्ये चुरा होतो का? किती दिवस टिकते? तळायची कशी? शेवटचा प्रश्न ऐकून आपल्या बायका हसतात. हसू नका. जिच्या घरी आई-सासू जवळ नाही, तिने कुरडई कधी तळलेलीच नसते. तेल नीट तापलं नाही तर कुरडई फुलत नाही, दाताला लागते, आणि तिला वाटतं माल खराब आला. ती तक्रार करत नाही, फक्त पुन्हा मागवत नाही. म्हणून साइटवर लिहा: तेल चांगलं तापू द्या, एकेक सोडा, फुलली की लगेच काढा. पावसाळ्यात सर्दावली तर ऊन दाखवा. कच्ची आणि तळलेली शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा, सकाळच्या उजेडात.

रीतही लिहा. गहू तीन दिवस भिजत घालतो, पाणी रोज बदलतो, मग वाटून चीक काढतो, शिजवतो, सोऱ्याने घालतो आणि कडक उन्हात वाळवतो. एका गटात ताई म्हणाल्या, "सगळं सांगितलं तर लोक घरीच करतील की!" अहो, जिच्याकडे तीन दिवस आणि गच्ची आहे, ती तुमच्याकडे येणारच नव्हती. उलट वाचणारीला कळतं की भाव एवढा का. हेही लिहा की माल उन्हाळ्यातच होतो आणि संपला की पुढच्या वर्षी. संपलेला माल साइटवर तसाच ठेवून पैसे घेऊ नका.

आता जरा जपून करायची गोष्ट. पदार्थात काय काय आहे, ते सगळं लिहायचं. नाचणीच्या पापडावर नुसतं "नाचणी पापड" लिहून भागत नाही. त्यात उडदाचं पीठ असेल तर ते सांगा. आणि हिंग? बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबी उलटी करून वाचा. ज्याला गहू चालत नाही असा माणूस नाचणी म्हणून विश्वासाने घेतो आणि आजारी पडतो. पाकिटावरचा अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांकही साइटवर दिसू द्या.

आणि "मधुमेह बरा होतो", "कॅन्सरवर गुणकारी" असलं काही कुठेच नको. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं उचलून टाकलेलं मी पाहिलंय. १९५४ पासून अशा जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेहही आहे. कायदा बाजूला ठेवा. एखाद्या म्हातारीने आपल्या पापडावर भरवसा ठेवून गोळी बंद केली तर?

शेवटचं, फोन नंबर. कितीतरी साइटवर अध्यक्षांच्या मालकांचा नंबर असतो. "रात्री-अपरात्री फोन येतात, बाईमाणसाचा कसा देणार?" हे कारण खरं आहे, मी ते टाळत नाही. पण मग भाव ते ठरवतात, ऑर्डर ते घेतात आणि पैसेही त्यांच्याच नंबरवर जमा होतात. गटाच्या नावाने वेगळं सिम घ्या, फोन आळीपाळीने सांभाळा, साइटवर "सकाळी १० ते संध्याकाळी ६" असं लिहा आणि सहानंतर तो फोन बंद ठेवा. पैसे मात्र गटाच्या बँक खात्यातच.

हे सगळं एका दिवसात लिहायचं नाही. ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर महिनाभर गिऱ्हाइकांचे प्रश्न टिपा, त्यांच्याच शब्दांत. जो प्रश्न तीनदा आला, त्याचं उत्तर साइटवर. ज्यांना टायपिंग येत नाही त्यांनी बोलावं, मुलींनी लिहून घ्यावं.

या महिन्याच्या बैठकीला ती वही आणि तराजू घेऊन या. अर्ध्या किलोत किती कुरडया बसतात, ते तिथेच मोजू.