कृत्रिम सांध्यातील बुरशी : उपचार आणि विवेक



भिवंडीतील ज्येष्ठ श्रावक-श्राविकांसाठी गुडघा बदलणे म्हणजे जिनालयाच्या पायऱ्या पुन्हा चढता येणे होय. क्वचित त्या सांध्यात बुरशी वाढते. कृत्रिम सांध्यांच्या संसर्गांत तिचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. ताप बहुधा नसतो. दुखणे व सूज मात्र रेंगाळते. म्हणून सांध्यातील द्रवाची बुरशीसाठी स्वतंत्र तपासणी करवावी. बुरशी कृत्रिम सांध्यावर चिवट थर धरते. त्यामुळे बहुधा तो काढून, किमान ६ आठवडे, अनेकदा काही महिने औषध देऊन, मगच नवा बसवितात.

बुरशीतही जीव आहे, या विचाराने औषध अर्धवट सोडू नये. अणुव्रतातील त्याग त्रस जीवांच्या संकल्पी हिंसेचा आहे. बुरशी स्थावर, आणि उपचार देहरक्षणार्थ. मधुमेह आटोक्यात ठेवावा, प्रतिजैविके स्वमताने घेऊ नयेत, हाच खरा संयम.

जय जिनेंद्र!