औषधाचा सोबती



सतवासच्या मंडळींना देवास परके नाही. जिल्ह्याचे ठिकाणच ते. १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेच्या आशेने तेथे आले. गाणे बंद पडले होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागले, प्रकृती सावरली आणि १९५३ मध्ये त्यांचा स्वर मैफलीत पुन्हा उमटला; एक फुप्फुस मात्र निकामीच राहिले. माळव्यातील मराठी माणसाला प्रतिजैविकाची थोरवी निराळी सांगावयास नको.

परंतु त्याच १९४८ साली ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत धोक्याची खूण दिसली होती. एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या अनेक रुग्णांतील जंतू काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हापासून क्षयावर औषधे जोडीने देण्याची रीत आली.

जोडीची ही कल्पना आपल्या वैद्यांना नवी नव्हती. सुंठ, मिरी व पिंपळी यांचे त्रिकटू कितीतरी पाठांत असते. ते केवळ पाचक म्हणून की आणखी कशासाठी, याचा छडा जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास लावावयास घेतला. मिरी-पिंपळीतील पायपरीन हे तिखट द्रव्य कित्येक औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते, असे आढळले. त्याच संशोधनातून २००९ मध्ये ‘रिसोरिन’ ही क्षयावरील गोळी बाजारात आली. रिफाम्पिसिनची नेहमीची मात्रा ४५० मिलिग्रॅम. येथे १० मिलिग्रॅम पायपरीनच्या सोबतीने ती २०० वर आणली.

वनस्पतीची दुसरी युक्ती अधिक मजेची आहे. काही जंतू आत शिरलेले औषध जणू पंपाने बाहेर फेकतात. दारुहळदीच्या कुळातील एका अमेरिकन झुडपात जंतुनाशक बर्बेरीन असतेच; शिवाय स्वतः जंतूला न मारता तो पंप तुंबविणारे द्रव्यही असते, असे २००० साली दिसून आले. जम्मूच्या संशोधकांना २००६ मध्ये पायपरीनमध्येही असाच गुण प्रयोगनळीत आढळला. प्रयोगनळी म्हणजे रुग्ण नव्हे, हे अर्थातच ध्यानात ठेवावयाचे.

आणि स्वयंपाकघरातील मिरपूड म्हणजे मोजून घातलेले पायपरीनही नव्हे. फेपऱ्यावरील फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाणही पायपरीनने वाढते. म्हणजे हा सोबती अपायही करू शकतो. मिऱ्याचा काढा सुरू करून क्षयाची गोळी परस्पर अर्धी करणाऱ्याच्या रक्तात किती औषध उतरले, हे तपासणीवाचून डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. तेथे वाचलेले जंतू मात्र पुढच्या औषधाला दाद देतीलच असे नाही, आणि खोकल्यावाटे ते घरातल्या पोराबाळांपर्यंत पोहोचतात.