नोव्हेंबर 2023मधले निकाल



नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्याचा आनंद इकडे सांगलीत मला होतो. न्यूयॉर्क-बॉस्टनकडचे बास्केटबॉलचे सामने ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात, ते आता साडेपाच-सहाला होतात. तेवढीच साखरझोप वाढते. कॅलिफोर्नियातले सामने मात्र सकाळी साडेआठचे, म्हणजे ऐन डबे भरायच्या वेळचे.

एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, 2023चा हंगाम 24 ऑक्टोबरला सुरू झाला. तीस संघ, प्रत्येकाचे 82 सामने. त्यातले आत्ताशी चौदा-पंधरा झालेत. एवढ्यावरून भाकीत करणं म्हणजे मृगाची पहिली सर बघून रब्बीची पोती शिवायला घेणं. हे मला कळतं, आणि दर वर्षी मी तेच करते. 2010 साली लेब्रॉन जेम्स मायामीला गेला, तेव्हा पहिल्या सतरा सामन्यांत तो संघ आठ हरला. लोकांनी त्याचं तेरावंसुद्धा उरकलं, आणि जूनमध्ये तोच संघ अंतिम फेरीत उभा! उलट गोल्डन स्टेटनं 2015ला सुरुवातीचे सलग 24 जिंकले, हंगामात 73 विजयांचा विक्रम केला, आणि अंतिम फेरीत 3-1 अशी आघाडी असताना क्लीव्हलँडकडून मार खाल्ला.

म्हणून नोव्हेंबरात मी गुणफलकाकडे कमी बघते, सवयींकडे जास्त. कॉलेजात मी गार्ड खेळायचे. आमचे सर म्हणायचे, चेंडू हातात असताना सगळेच शहाणे दिसतात. नसताना तू काय करतेस ते मी बघतो. मीही आता तेच बघते.

यंदा सगळ्यांच्या नजरा सॅन अँटोनिओ स्पर्सच्या व्हिक्टर वेम्बन्यामावर आहेत. फ्रान्सचा मुलगा, वय 19, उंची सात फूट चार इंच. आपल्या घरातल्या दारातून तो वाकूनच आत येईल. हात वर केला की दहा फुटांवरची रिंग त्याच्यासाठी माळ्यावरच्या डब्यासारखी, जरा टाच उचलली की हाताशी. 2 नोव्हेंबरला फिनिक्समध्ये, कारकिर्दीतल्या पाचव्याच सामन्यात त्यानं 38 गुण केले. स्पर्सची 27 गुणांची आघाडी फिनिक्सनं पुसून टाकली होती, बरोबरी झाली होती. तिथून पुढे पोरानं सामना असा ओढून नेला, की माझा चहा दोनदा गार झाला.

त्यानंतर 2023च्या नोव्हेंबरात स्पर्स एकही सामना जिंकले नाहीत.

तरी माझं मत बदललेलं नाही, कारण मी 38 गुण मोजलेच नव्हते. मी बघत होते समोरच्या संघाचे गार्ड. चांगला मुरलेला खेळाडू जोरात रिंगकडे घुसतो, मध्येच हा उभा दिसतो, आणि तो चेंडू घेऊन गुपचूप बाहेर येतो. अडवलेला फटका आकड्यांत मोजला जातो. परत फिरलेला माणूस कुठेच मोजला जात नाही. तक्रार माझी प्रशिक्षकांबद्दल आहे. ग्रेग पॉपोविच यांनी पाच अजिंक्यपदं मिळवली आहेत, त्यांना मी सांगलीतून काय शिकवणार! पण जेरेमी सोहानसारख्या फॉरवर्डला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा, करायचा त्यांचा प्रयोग मला पटत नाही. उंच पोराला चेंडू हवा असतो तेव्हा मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा तो रिंगपासून पंचवीस फुटांवर असतो.

लॉस एंजेलिस क्लिपर्सची गंमत वेगळी. लेनर्ड, जॉर्ज, वेस्टब्रुक, आणि महिन्याच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाहून रुसून आलेला हार्डन. चौघंही त्याच पंचक्रोशीत वाढलेले. पण एका शेगडीवर चार सुगरणी उभ्या राहिल्या, की पहिल्यांदा भात लागतो. हार्डन आल्यावर ते सलग पाच हरले. मग वेस्टब्रुकनं आपणहून बाकावर बसायची तयारी दाखवली आणि सहावा सामना जिंकला. 2017 सालचा सर्वोत्तम खेळाडू आपली जागा सोडतो, हे मला या महिन्यातलं मोठं काम वाटतं. इकडे फिलाडेल्फियात कुणी हार्डनची वाट बघत बसलं नाही. पाडव्याच्या आदल्या पहाटे टायरीस मॅक्सीनं इंडियानाविरुद्ध 50 गुण ठोकले. वय 23, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू शाळा लवकर सुटलीय.

भाऊबिजेच्या सकाळी मात्र फजिती झाली. भाऊ पाटावर बसलेला, माझ्या हातात निरांजन, आणि शेजारी मोबाइलवर गोल्डन स्टेट विरुद्ध मिनेसोटा. गुणफलक अजून 0-0, आणि ड्रेमंड ग्रीननं रूडी गोबेअरची मान काखोटीला धरलेली. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, आधी मला ओवाळ, मग त्यांना सोडव.’’ ग्रीनला पाच सामन्यांची बंदी झाली. कमीच झाली.

विजेतेपद कुणाचं, असं विचाराल, तर मी अजून डेन्व्हरच म्हणते. निकोला योकिच धावताना पासबुक भरून घ्यायला निघालेल्या माणसासारखा दिसतो. 2014ला खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक 41वा, आणि नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. सर्बियातल्या सोम्बोर गावचा हा माणूस, घोड्यांचा शौकीन. त्यानंच 2023च्या जूनमध्ये डेन्व्हरला एनबीएमधल्या 47 हंगामांतलं पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं. त्याचा पास बघा. चेंडू हातात यायच्या आधीच पुढे कुणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. मेमध्ये होतं तेच नोव्हेंबरात आहे. पुन्हा मैदान समुद्रसपाटीपासून 5280 फुटांवर. पाहुण्यांना चौथ्या डावात धाप लागते.

आता मनातलं सांगते. माझा संघ सॅक्रामेंटो किंग्ज. कारण अगदी साधं आहे: मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. 2019च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते किंग्ज आणि इंडियाना यांचे. दुसरा सामना मी पाहिला. आम्ही 24 गुणांनी हरलो, आणि त्याच दिवसापासून ‘आम्ही’ म्हणायला लागले. हा संघ सलग सोळा हंगाम प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेला नव्हता. 2022-23च्या हंगामात गेला, आणि सातव्या सामन्यात स्टेफ करीनं एकट्यानं 50 गुण घालून घरी पाठवला. तरी त्या वर्षी दर विजयानंतर मैदानाच्या छतावरून आभाळात जांभळा झोत सोडायचे, तो मी फोटोत बघून घ्यायची.

यंदा आमच्या डी’आरॉन फॉक्सचा घोटा मुरगळला आणि ह्यूस्टनमध्ये आम्ही लागोपाठ दोन सामने हरलो. मी गप्प बसले. फॉक्स परत आला, आणि लेकर्सना त्यांच्याच शहरात हरवलं. आमचा साबोनिस कोपऱ्यावर चेंडू धरून उभा राहतो, फॉक्स त्याच्या अंगाला घासून वळतो, आणि बचाव करणारा मागे राहतो. ती जोडी पुन्हा लागलीय. एवढं दिसलं, की माझी सकाळ चांगली जाते.

19 नोव्हेंबरला अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत हरला, त्यानंतर आमच्या घरी कुणी टीव्ही लावायला तयार नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी लावला.

या भाषणाची प्रत रेडिओ केंद्रावर जपून ठेवतात असं कळलं. एप्रिलमध्ये ती कुणी काढून वाचू नये, एवढी विनंती.