उघड लिलाव आणि मोकळे दार



खुला बाजार म्हणजे विकणारा व घेणारा दोघेही स्वखुशीने व्यवहार करतात आणि भाव न पटल्यास माल न देण्याची वा न घेण्याची मुभा दोघांनाही असते, अशी व्यवस्था होय. ही मुभा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे; मात्र सरकार दूर राहिले की ती आपोआप मिळते असे नाही, आणि सरकार फार जवळ आले तरी ती उरत नाही, हे महाराष्ट्रातील शेतमालाच्या बाजाराने दाखवून दिले आहे.

जुन्या हत्ता पद्धतीत अडत्या, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून त्यावर अडत घेणारा मध्यस्थ, आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, त्यामुळे ज्याने वर्षभर राबून माल पिकवला त्यालाच कोणी किती बोली लावली हे कळत नसे. सरकारी बंदी नसूनही तो बाजार शेतकऱ्यासाठी खुला नव्हता. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा आला आणि पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलाव, चोख वजनमाप व वेळेवर चुकारा यांचा आग्रह धरला. येथे सरकारने भाव ठरवला नाही, तर भाव ठरण्याची रीत सर्वांसमोर आणली.

परंतु त्याच व्यवस्थेने नियमनाखालील शेतमालाच्या विक्रीला बाजार समितीच्या आवाराचे आणि परवान्याचे कुंपण घातले. १९७०च्या दशकात आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे खासगी व्यापार बंद करून सर्व कापूस सरकारी यंत्रणेनेच घेण्याची तरतूद, याहून पुढे गेली, कारण जेथे घेणारा एकच असतो तेथे विकणाऱ्याच्या नकाराला किंमत राहत नाही. राज्यात फळे व भाजीपाला नियमनमुक्त होण्यास २०१६ उजाडले, तर डिसेंबर २०२३ मधील कांदा निर्यातबंदीने शहरातील स्वस्ताईचा भार पुन्हा उत्पादकावर टाकला.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, सरकारने अर्थव्यवहारात मुळीच हात घालू नये हे तत्त्व सर्व देशांना सारखेच लागू पडते, हे मत नाकारले. शेतकरी नेते शरद जोशी यांनी पुढे, सरकारी हस्तक्षेपच शेतमालाचे भाव पाडतो, अशी मांडणी केली. दोन्ही भूमिका वरवर विरुद्ध वाटल्या तरी दुबळ्या पक्षाची सौदाशक्ती हीच दोन्हींमागील चिंता होती.

म्हणून प्रशासनात, सहकारात वा उद्योगात जाणाऱ्या प्रत्येक स्नातकाने कोणत्याही नियमाला एकच कसोटी लावावी: तो फसवणूक रोखून सामान्य माणसाचा नकाराचा हक्क भक्कम करतो, की त्याच्यापुढचे पर्याय काढून घेतो? पहिल्या प्रकारचे नियम निष्ठेने राबवणे आणि दुसऱ्या प्रकारच्या नियमांना निर्भयपणे विरोध करणे, हे पदवीबरोबर आलेले कर्तव्य आहे. ते पार पाडण्याचे बळ सर्व स्नातकांना लाभो.