तू गावातच होतास ना?



आयोजकांनी मला 'घरून काम' या विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. शाळेत असताना वर्गात पाच मिनिटं बोललो की अंगठे धरून उभं राहावं लागायचं. आज त्याच कामासाठी गुलाबाचं फूल मिळालं!

मार्च २०२० पर्यंत माझं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर चालायचं. कामशेतला गाडी पकडायची, चिंचवडला उतरायचं, तिथून बसने हिंजवडी. घरी परतायला रात्रीचे नऊ. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला आणि ऑफिस माझ्या माजघरात आलं. वाटलं, आता घरच्यांना वेळ देता येईल. झालं उलटंच. वडील इंद्रायणीच्या आवणीला हाक मारायचे आणि मी कानातला इयरफोन न काढताच 'मीटिंग आहे' म्हणायचो. मीटिंग संपली तरी हात मोबाइलवरच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा तडाखा मावळालाही बसला. आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती, फोनही बंद पडला. त्या दोन संध्याकाळी ओट्यावर बसून वडिलांनी पवना धरणात आत्याचं शेत कसं गेलं ते सांगितलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. वीज आली, आणि मी आधी चार्जर शोधला.

पुढचं सांगतोय ते ज्याच्याबद्दल आहे, तो मित्र आज समोरच बसलाय. त्याला विचारूनच सांगतोय. २०२२ साली त्याची आई गेली. बातमी आपल्या ग्रुपवर आली. मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि पुढचा मेसेज वाचायला लागलो. त्याचं घर माझ्या घरापासून तीन किलोमीटरवर. त्या माउलीच्या हातच्या भाकरी मी त्याच्या डब्यातून खाल्ल्यात. महिनाभराने लोणावळा स्टेशनवर तो भेटला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तू गावातच होतास ना?"

मला उत्तर देता आलं नाही. लोकलने ये-जा करायचो तेव्हा असं काही कळलं, की मी स्टेशनवरून परस्पर त्या घरी जायचो. घरी राहायला लागलो आणि तेवढंही चालेनासा झालो.

तेव्हापासून संध्याकाळी सातला लॅपटॉप मिटतो आणि रात्री फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवतो. रोज जमतं असं नाही. अमेरिकेतल्या मंडळींची सकाळ आपल्या संध्याकाळीच होते. पण एक नेम मोडलेला नाही. ग्रुपवर कुणाच्या घरची वाईट बातमी आली, की चित्र टाकत बसायचं नाही. पायात चपला घालायच्या.

घरून काम करण्याला मी दोष देत नाही. त्यामुळेच वडिलांच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसू शकलो. फक्त घरी असणं आणि घरच्यांत असणं यातला फरक मला उशिरा कळला.

आज निघताना एकमेकांचे नंबर घेऊच. पण घरचा रस्ताही विचारून ठेवा.