परगांवींचा नाताळ
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



विठ्ठलवाडी हें आपलें मूळ गांव आहे असें म्हणणारे या सभेंत फारच थोडे निघतील. कोणी वसईकडचे, कोणी गोव्याचे, कोणी नगर-जालना भागांतले. रेल्वेच्या, कारखान्याच्या वा कचेरीच्या चाकरीनें आम्हांस येथें आणिलें. म्हणून सणाच्या दिवशीं घरापासून दूर असलेल्या कुटुंबानें काय करावें, हा प्रश्न आमच्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावरचाच आहे.

डिसेंबर लागला कीं घरोघरीं तोच खल चालतो. यंदा गांवीं जावयाचें कीं नाहीं? रजा मिळत नाहीं, तिकीट मिळत नाहीं, किंवा ज्या घरीं जावयाचें त्या घराच्या वांटण्या होऊन आजीची चूल थंड झालेली असते. मग दोहोंपैकीं एक प्रकार घडतो. कांहीं घरांत आई आठवणी काढून डोळे पुसते आणि मुलांना वाटूं लागतें कीं खरा नाताळ दुसरीकडे कोठें तरी होत असतो, आमच्या वांट्यास त्याची पडछाया येते. दुसरीं कांहीं कुटुंबें सुटी साधून महाबळेश्वरास किंवा आणखी कोठें जातात, उत्तम खोली घेतात, उत्तम जेवतात, आणि त्या दिवशीं सण होता याची खूण एवढीच राहते कीं उपाहारगृहांत कागदी तारे टांगले होते. प्रवासास जाण्यांत वावगें कांहींच नाहीं. पण मुलाच्या मनांत पुढें काय उरेल, हें मात्र आईबापांनीं पाहिलें पाहिजे.

सण घराला जखडलेला असतो ही समजूत मुळांत खरी नव्हे. इस्राएल लोकांचें वल्हांडणाचें पहिलें भोजन कसें झालें तें निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत आहे. कंबर बांधलेली, पायांत जोडे, हातांत काठी, आणि खाणें घाईघाईचें. भाकरीस खमीर चढण्याइतकाही वेळ नव्हता. ती घाईची बिनखमिरी भाकरीच पुढें सणाची खूण ठरली. आणि बेथलेहेमास तें बाळ जन्मलें तें नांवनिशी लिहावयास निघालेल्या वाटसरूंच्या पोटीं.

आमच्या इकडचें उदाहरण द्यावयाचें तर मुंबईंतील गोवेकरांच्या कुडींचें देतां येईल. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याचे खलाशी, आचारी, वाजंत्री कामासाठीं मुंबईंत येऊं लागले. गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून धोबीतलाव, माझगांव अशा भागांत जागा घेतल्या व त्यांस आपापल्या गांवांचीं नांवें दिलीं. तीच कूड. आगबोटीची वाट पाहणाऱ्या खलाशानें भिंतीशीं आपली पेटी ठेवावी, चटई अंथरावी, आणि सायंकाळीं वेदीपुढें सर्वांबरोबर रोझरीस उभें राहावें असा नेम असे. गांवच्या आश्रयदात्या संताचा सण आला म्हणजे तो मुंबईंतच मिस्सा आणि सहभोजन करून होई. घरच्या सणांत खटपट बायकांची. येथें भात शिजविणारे, वेदी सजविणारे, लितानी म्हणणारे सारे पुरुषच. गांवच्या सणाची ती नक्कल नव्हती. जें जवळ होतें त्यांतून त्यांनीं दुसराच एक सण उभा केला.

सन १९५५ नंतर या कुडींचें मोल अधिकच कळलें. त्या सालीं गोव्याची आर्थिक नाकेबंदी झाली आणि १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त होईपर्यंत तिकडे जाणें-येणें अतिशय कठीण झालें. कित्येकांना वर्षानुवर्षें आईचें मुख दिसलें नाहीं. अशांना कुडींतली वेदी हाच घरचा देव्हारा होता.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आज गोव्यांत गांवोगांवच्या फेस्तास तियात्रावांचून शोभा नाहीं. पण पहिला तियात्र गोव्यांत झाला नाहीं! १७ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरांत लुकाझिन रिबेरो यांचा ‘इटालियन भुर्गो’ रंगभूमीवर आला, आणि तो दिवस ईस्टरचा रविवार होता. म्हणजे घर सोडून आलेल्यांनीं सणाच्या दिवशीं परगांवीं जें निर्माण केलें, तें मागाहून घरीं गेलें आणि घरचेंच होऊन बसलें.

आमच्या स्टेशनालगतच्या उल्हासनगराकडेही पाहावें. महायुद्धाच्या वेळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबें येऊन राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांच्या हस्तें पायाभरणी होऊन त्या वस्तीस आजचें नांव मिळालें. त्यांची सिंधुनदी तर सरहद्दीपलीकडे राहिली. तरी जें पाणी मिळालें त्याच्या कांठीं त्यांनीं झुलेलालाची पूजा चालविली, आणि मटक्याच्या तालावर गाणारे प्राध्यापक राम पंजवानी यांच्यासारख्यांच्या खटपटीनें चेटीचंड हा विखुरलेल्या समाजाचा एक सण झाला. धर्म निराळा, पण शेजाऱ्यापासून शिकण्यास लाज कसली?

आतां आम्हीं काय करावें? प्रथम हें पाहावें कीं चाल अशी असावी कीं तिला ओझें नसावें. रोझरी संपल्यावर धाकट्यांनीं थोरांकडे आशीर्वाद मागण्याची जुनी रीत आगगाडींत पाळतां येते, धर्मशाळेंत पाळतां येते, कुवेतला असलेल्या बापाकडून टेलिफोनवरही पाळतां येते. दुसरें, चाल हातांनीं करावयाची असावी. कुलकुल पाहा! पिठाची गोळी फणीवर किंवा कांट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळावयाची. चार वर्षांचें पोरही तें करूं शकतें, आणि तळून साखरेंत घोळल्यावर तो पदार्थ डब्यांत कित्येक दिवस राहतो. ओल्या नारळाची नेवरी प्रवासांत दुसऱ्या दिवशीं दगा देते. कुलकुल देत नाहीं. डब्यांतून शेजारच्या बांकावरील परक्या माणसासही चार द्यावेत. दुकानांतून भरलेली पेटी आणण्यास आमची हरकत नाहीं, पण त्या पेटीबद्दल मूल मोठेपणीं कोणास कांहीं सांगणार नाहीं.

ज्या वसईकर कुटुंबांचीं शेतें गेलीं, त्यांनीं ऑक्टोबरांत आगेऱ्याच्या वेळीं नव्या भाताची एखादी लोंबी आणून घरांतील क्रुसाजवळ लावावी. नगरकडच्यांनीं हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस जाणें न झाल्यास त्या दिवसांत शेजारच्या दोन घरांना घेऊन प्रार्थनेस बसावें. आणि जी नवी चाल धराल ती दुसऱ्या वर्षींही करावी; पहिल्या वर्षीं ती हौस असते, तिसऱ्या वर्षीं मुलें स्वतःच तिची आठवण देतात.

सणांत प्रवासास निघणाऱ्यांनीं आगपेटीच्या खोक्यांत मावेल एवढी गव्हाणी बरोबर न्यावी, आणि जेथें उतरावयाचें तेथें मिस्सा कोठें व किती वाजतां आहे हें निघण्यापूर्वीं विचारून ठेवावें. आणि जे रेल्वेंत आहेत, ज्यांची पाळी नेमकी चोवीस तारखेच्या रात्रीं येते, त्यांच्या घरच्यांनीं मिस्सेहून येऊन गव्हाणी रिकामीच राहूं द्यावी. पहांटे कल्याणहून गाडी येईल, तो माणूस डबा ठेवून हातपाय धुईल, मुलांना उठवील, आणि बाळ येशूची मूर्ति त्याच्या हातानें गव्हाणींत ठेवली जाईल.