लहान मुलाचा पहिला संगणक



गुलमंडीच्या चौकांत सायंकाळीं दहा पावलें सरळ चालतां येत नाहीं, हें छत्रपती संभाजीनगरांतल्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतल्या, माणसाला सांगावयास नको. अशाच गर्दींत दिवाळीच्या थोडें आधीं आमच्या गल्लींतले एक गृहस्थ मला आडवे आले. कापडाच्या दुकानांत ते नोकरीस आहेत. मुद्रा अशी, कीं जणूं कोणाचा विवाह ठरवावयाचा आहे. म्हणाले, "गुरुजी, भिशी लागली. बारा हजार हातांत आहेत. मुलीला संगणक घ्यावा म्हणतों, पण कोणता घ्यावा तें सुचत नाहीं. तुम्ही बरोबर चला." मुलगी आठ वर्षांची, इयत्ता तिसरींत शिकणारी.

हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. ज्या घरांत बारा हजार रुपये वर्षांतून एकदांच एकत्र दिसतात, तेथें खरेदींतली चूक पुढच्या भिशीपर्यंत सुधारतां येत नाहीं. म्हणून मला मिळालेलीं दहा मिनिटें मी या एकाच खरेदीला देणार आहें.

प्रथम माझी स्वतःची चूक कबूल करतों. चार वर्षांपूर्वीं नातवासाठीं मी एक चकचकीत टॅब्लेट घेतला होता. यांत शिक्षणाचे पुष्कळ कार्यक्रम आहेत, असें विक्रेत्यानें सांगितलें. आणि ते होतेही. नातवानें त्यांतले दोन उघडून पाहिले आणि तो चित्रफितींत रमला. त्याचें बोट सारा वेळ एकाच दिशेनें फिरे, खालून वर. सहा महिन्यांनंतरही त्या यंत्रावर स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें, कारण लिहिण्याची गरजच त्याला कधीं पडली नव्हती. दुसऱ्या वर्षीं बॅटरी फुगून टॅब्लेटची पाठ उचलली गेली. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी तो मुकाट्यानें भंगारांत दिला. त्या अनुभवानंतर मी यंत्राच्या चकाकीकडे पाहणें सोडलें. आतां मी एवढेंच विचारतों, कीं यावर मूल लिहिणार काय, रेखाटणार काय, कांहीं जुळवून पाहणार काय?

ही कसोटी माझ्या पदरची नव्हे. ब्रिटनमध्यें १९८१ सालीं बी. बी. सी. मायक्रो नांवाचा संगणक निघाला. आपल्या केंद्र सरकारनें १९८४ मध्यें शाळांसाठीं 'क्लास' हा प्रकल्प हातीं घेतला, तेव्हां हेंच यंत्र निवडलें होतें. तें चालू केलें कीं पडद्यावर चित्र नसे, गाणें नसे. एक लहानशी खूण लुकलुकत थांबलेली असे. तुम्ही कांहीं आज्ञा लिहिली, तरच तें पुढें हालावयाचें. पुढें अशीं यंत्रें घरांतून नाहींशीं झालीं. केंब्रिज येथील एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांच्या लक्षांत आलें, कीं संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या तरुणांनीं यंत्राशीं पूर्वींसारखी खटपट केलेलीच नसते. त्या विवंचनेंतून रास्पबेरी पाय हा बँकेच्या कार्डाएवढा संगणक जन्मला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं ३५ डॉलरला विक्रीस आला. २०२० च्या नोव्हेंबरांत त्यांनींच कळफलकाच्या पोटांत सगळा संगणक बसवून तो ७० डॉलरला बाजारांत आणला. घरच्या दूरदर्शन-संचाला जोडला कीं काम सुरू.

आमचे गृहस्थ या कल्पनेवर फार खूष झाले. परंतु माऊस, स्मृति-कार्ड, विजेचा जोड हें सगळें धरून हिशेब करतां आंकडा वाढूं लागला. शिवाय त्यांच्या घरचा दूरदर्शन-संच सात वाजल्यापासून दहा वाजेपर्यंत मुलीच्या आजीच्या मालकीचा असतो. तो राज्यकारभार उलथून टाकण्याचें धैर्य आम्हां दोघांतही नव्हतें.

स्वस्त संगणकाची गोष्ट महाराष्ट्रानें जवळून पाहिलेली आहे. अमेरिकेंतील निकोलस नेग्रोपोंटे यांनीं २००५ मध्यें शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. शंभराचा आंकडा साधला नाहीं, किंमत दोनशेंच्या घरांत गेली. आणि २००६ मध्यें आपल्या केंद्रीय शिक्षण खात्यानेंही या योजनेला नकार दिला. तरीही २००७ मध्यें रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, खैराट येथील धनगरवाड्याच्या लहानशा एकशिक्षकी शाळेंत तीं हिरवीं-पांढरीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं. उन्हांत वाचतां येईल असा पडदा, धूळ आणि पाणी आंत जाऊं नये म्हणून रबराचा अखंड कळफलक, हातांत धरून न्यावयाला मूठ. वस्तु मुलासाठीं करावयाची म्हणजे काय, याचा विचार त्या कारागिरींत दिसतो. यंत्र मुलाचें स्वतःचें असावें, त्यानें तें घरीं न्यावें, हें त्या योजनेचें पहिलें तत्त्व होतें.

पण पुढचेंही सांगितलें पाहिजे. पेरू देशांत हींच यंत्रें फार मोठ्या प्रमाणावर वाटण्यांत आलीं. तेथील ३१९ शाळांची पाहणी २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. गणितांत आणि भाषेंत मुलांची प्रगति इतर शाळांहून अधिक झाल्याचें तींत आढळलें नाहीं. ही गोष्ट मी आमच्या गृहस्थांना त्यांच्या पत्नीसमक्ष सांगितली. ती ऐकून बाई म्हणाल्या, "मग गुरुजी, या पैशांत दोन वर्षांची शिकवणी होते, ती कां लावूं नये?" माझ्याजवळ पक्कें उत्तर नव्हतें. मी इतकेंच म्हणालों, कीं मुलीजवळ रोज अर्धा तास कोणी बसणार नसेल, तर खुशाल शिकवणी लावा. बाई कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बसेन. मलाही शिकायचें आहे." खरेदी त्या वाक्यानें ठरली.

त्यानंतर आम्ही तिघे वापरलेल्या संगणकांच्या एका दुकानांत गेलों. दुकानदार "आय-सेव्हन आहे, आय-सेव्हन" असें वारंवार सांगत होता. श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं हें नांव घराण्याचें आहे. पिढी कोणती, हें निराळें विचारावें लागतें. दहा-बारा वर्षांपूर्वींच्या आय-सेव्हनपेक्षां अलीकडच्या पिढीचा आय-थ्री पुष्कळदां सरस पडतो. दुसरें असें, कीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांना विंडोज ११ नियमाप्रमाणें चालत नाहीं. अशा यंत्रांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बहुधा उत्तम चालते, आणि लहान मुलाला तेवढी पुरते. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एस. एस. डी. बसवून घ्यावी, म्हाताऱ्या यंत्राला तिच्याइतकी तरतरी दुसऱ्या कशानेंही येत नाहीं. रॅम आठ जी. बी. असावी, निदान चार तरी. आणि दुकानांतच बसून कळफलकाची प्रत्येक कळ दाबून पाहावी. दुकानदार कंटाळतो, त्याला कंटाळूं द्यावें.

लॅपटॉप कीं मेजावरचा संगणक, यावर वाद झाला. बाईंचें म्हणणें, वीज गेली कीं मेजावरचा संगणक बंद पडणार. तें खरेंच आहे. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा थकलेलीच मिळते; तो पडतो, आणि रात्रीं पांघरुणांतही जातो. मेजावरच्या संगणकाचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो, आणि तो बैठकींत सर्वांच्या डोळ्यांसमोर राहतो. तोच घेतला. पडदा, कळफलक, माऊस धरून साडेनऊ हजार झाले. उरलेल्या पैशांत मुलीच्या उंचीला बेताची खुर्ची आली. पाय अधांतरीं लोंबत असतां मूल फार वेळ नीट बसत नाहीं, हें मी शाळेंत तीस वर्षें पाहिलेलें आहे.

मूल आठ वर्षांचें आहे, म्हणून ही सगळी चर्चा. दोन ते चार वर्षांच्या बालकाला दिवसांत एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसवूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें आहे. त्या वयासाठीं संगणक घेण्याची घाई कोणीं करूं नये. वाटीभर चिंचोके पुरेत.

एक गोष्ट मात्र मी हट्टानें करविली. यंत्रावर मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक बसवून घेतला. १९९१ च्या भारतीय मानकांत ही मांडणी आहे. तींत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला येतात. क ज्या कळीवर, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. ग जेथें, तेथेंच घ. मोठ्यांना ही मांडणी अवघड वाटते, कारण त्यांच्या बोटांना इंग्रजीची सवय झालेली असते. मुळाक्षरें नुकतींच घोटलेल्या मुलाला तींत आपल्या ओळखीची रांग दिसते.

गेल्या रविवारीं सकाळीं ती मुलगी आमच्या दाराशीं आली. "आजोबा, विज्ञानांतला ज्ञ कुठें आहे?" मला ठाऊक नव्हता. ज काढावा, त्याचा पाय मोडावा आणि पुढें ञ लावावा, एवढें मी सांगितलें. पण ञ कोठें दडला आहे, तें मलाही आठवेना. ती पळत परत गेली. दुपारीं तिची आई वाळवण आणावयास गच्चीवर आली, तेव्हां तेथूनच हाक मारून म्हणाली, "गुरुजी, सांपडला बरें का! आणि तुमचा पाय मोडायलाही नको. आंकड्यांच्या रांगेंत सबंध ज्ञ आयता ठेवलेला आहे."